एसटी स्टँडवरचा पिंगळा: विदर्भात फिरता फिरता पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत

विदर्भात पक्ष्यांचे फोटो काढायचे म्हटलं की लोक ताडोबा, मेळघाट, नवेगाव बांध अशी नावं घेतात. जिप्सी, गाईड, पहाटेचं गेट. तिथं जरूर जा. पण ज्यांनी नुकताच कॅमेरा हातात घेतला आहे त्यांना माझं सांगणं वेगळं आहे. शिकायचं असेल तर एसटी स्टँडवर शिका. फाट्यावर गाडीची वाट बघताना शिका, हापशीजवळ शिका, मावशीच्या गावी लग्नाला गेलात तर मांडवामागच्या कुटाराच्या ढिगाजवळ शिका.

जंगलातला पक्षी माणूस दिसला की उडतो. स्टँडवरच्या पिंगळ्यासमोरून, म्हणजे त्या लहानशा घुबडासमोरून, रोज शेकडो माणसं जातात, त्यामुळं तो तुमच्यापासून पंधरा फुटांवर निवांत बसून राहतो. नवख्या माणसाला नेमकं हेच हवं असतं: जवळचा पक्षी, भरपूर वेळ, आणि फोटो चुकला तर उद्या पुन्हा तोच पक्षी त्याच फांदीवर. जंगलात जे काम लाखभराची लेन्स करते, ते इथं पक्ष्याची सवय करून देते.

मी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कामानिमित्त एसटीने आणि पॅसेंजरने फिरते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर मी मुद्दाम मधल्याच गावी उतरते आणि पुढची गाडी येईपर्यंतचा वेळ पक्ष्यांना देते. खाली लिहिलेलं सगळं त्या मधल्या वेळात शिकलेलं आहे.

पहिला दिवस: कॅमेरा थैलीतच

हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढू नका. नुसतं बघा. बघायचं कुठं, तर आधी वर. स्टँडच्या स्लॅबखाली, कोपऱ्यात, पिसं आणि गवत थुंकीने चिकटवून केलेली घरटी दिसतील, एकाला एक लागून. त्या पाकोळ्या. मग तारा बघा. तारेवर शेपटी दुभंगलेला काळा कोतवाल, त्याच्या पलीकडे हिरवा वेडा राघू, गावाबाहेरच्या तारेवर डोकं मोठं आणि मान आखूड असा एकटा बसलेला नीलपंख. मग झाडं. स्टँडच्या आवारात कडुनिंब, पिंपळ किंवा वड असतोच. पिंपळ-वडाला फळं आली असतील तर पानांसारखेच दिसणारे हिरवे-पिवळे पक्षी आत बसलेले असतात, आणि दहा मिनिटं बघितल्याशिवाय एकही दिसत नाही. तो हरियाल, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. कितीतरी लोक त्या झाडाखाली उभं राहून राज्यपक्षी कुठं बघायला मिळेल असं विचारतात.

पिंगळा शोधायचा असेल तर वर बघण्याआधी खाली बघा. जुन्या झाडाच्या बुंध्याशी, एकाच जागी, चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखी पांढरी शीट दिसली की तिथून सरळ वर नजर न्या. जवळपास बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी काळपट गोळी पडलेली सापडली तर ती काडीने उकला. आत किड्यांच्या पंखांची चकचकीत टरफलं, कधी उंदराची बारीक हाडं असतात. पिंगळा न पचलेलं हे सगळं ओकून टाकतो.

दुसरी खूण कानाची आहे. सातभाई, बुलबुल, कोतवाल एकाच झाडाभोवती जमून कलकलाट करत असतील तर तिथं पिंगळा, शिक्रा (लहान शिकारी पक्षी) किंवा साप आहे असं समजा. ते भांडण आपसातलं नसतं.

जवळ कसं जायचं

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. माणसांत राहणारा पक्षी चालत्याबोलत्या माणसाला घाबरत नाही. तो घाबरतो थांबलेल्या, टक लावून बघणाऱ्या माणसाला. शिक्रा असाच बघतो, मांजर असंच बघते.

म्हणून सरळ रेषेत पक्ष्याकडे चालत जाऊ नका. त्याच्या बाजूने, तिरकं, दुसरीकडेच कुठं तरी निघाल्यासारखं जा. नजर खाली ठेवा. दहा पावलं चालून थांबा, थैलीत काही शोधा, पुन्हा निघा. बसायला जागा असेल तर बसा. उभ्या माणसापेक्षा बसलेला माणूस पक्ष्याला कमी खुपतो, आणि जमिनीवरच्या पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर तुम्हीही येता. धोबी, हुदहुद, चिमणी यांचा उभ्याने काढलेला फोटो नुसती पाठ दाखवतो. तोच खाली बसून काढला की पक्ष्याचा चेहरा दिसतो.

पक्षी अस्वस्थ झाला हे ओळखायला शिका. मान लांब होते, पिसं अंगाला चिकटतात, तो तुमच्याकडे पाठ करून उडायच्या दिशेला वळतो, किंवा बसल्या जागी शीट टाकतो. एवढं दिसलं की पुढचं पाऊल टाकू नका. दोन पावलं मागं या. बहुतेक वेळा तो पुन्हा सैल होतो, आणि मग मिळणारा फोटो आधीच्या दहांपेक्षा चांगला असतो.

कॅमेऱ्याचं थोडक्यात

नवीन वस्तू घेण्याची घाई नको. ७०-३०० मिलीमीटरची साधी लेन्स किंवा लांब झूमचा, लेन्स बदलता न येणारा ब्रिज कॅमेरा या कामाला पुरतो. नुसता मोबाईल असेल तर बोटांनी चिमटीत धरून ताणलेला झूम वापरू नका, चित्र फुटतं. मोबाईलच्या स्वतःच्या झूम लेन्सइतकंच जा आणि बाकीचं अंतर वर सांगितलेल्या चालीने कमी करा. दुर्बीण असेल तर मोबाईलचा कॅमेरा तिच्या डोळ्याच्या काचेला लावून बघा. हात स्थिर ठेवायचा सराव लागतो, पण पिंगळ्यासारख्या बसून राहणाऱ्या पक्ष्याचा फोटो असा छान येतो.

बसलेल्या पक्ष्यासाठी शटर, म्हणजे ते उघडं राहण्याचा वेळ, १/५०० सेकंदाच्या आसपास, उडणाऱ्यासाठी १/१६०० किंवा त्याहून जलद. सावलीतला पिंगळा कधी कधी हलतच नाही. तिथं कोपर भिंतीला टेकवून १/१२५ वरही जमतं. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. चोच किंचित पुसट चालते, डोळा पुसट चालत नाही.

उजेडाच्या बाबतीत कॅमेरा भाबडा असतो. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो. काळ्या नांगरलेल्या वावरात पांढरा गायबगळा असला की तो चित्र उजळ करतो आणि बगळ्याची पिसं नुसती पांढरी शाई होऊन जातात. तिथं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉपने कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). पांढऱ्या आभाळासमोर तारेवर कोतवाल असला की उलट होतं, नुसती काळी आकृती उरते. तिथं एक ते दीड स्टॉप वाढवा. हे एवढं दोन दिवस करून बघा, बाकीची बटणं आपोआप कळत जातात.

ट्रायपॉड आणू नका. स्टँडवर तो पायात येतो आणि गर्दी जमवतो. एका कापडी थैलीत अर्धा किलो मूग भरून तोंड शिवून टाका. कठड्यावर, बाकावर, हापशीच्या ओट्यावर ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा.

विदर्भाच्या उन्हाबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी, कारण नवखे लोक लेन्सला दोष देतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या काळ्या मातीवरून किंवा डांबरी रस्त्यावरून दूरचा पक्षी टिपला तर तो कधीच धारदार येत नाही. जमिनीवरची हवा थरथरत असते आणि ती थरथर फोटोत उतरते. याला कॅमेऱ्यात काही उपाय नाही. सकाळी सहा ते आठ काम करा, आणि नंतर फक्त जवळचे, सावलीतले पक्षी बघा. कॅमेरा दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. ओल्या नव्हे, कोरड्या दुपट्ट्यात गुंडाळून सावलीत ठेवा. सोयाबीनची मळणी चालू असेल तिथं किंवा जिनिंगजवळ लेन्स बदलू नका, ते बारीक कुसळ आणि कापसाचं पिंजण आत गेलं की निघत नाही. पावसाळ्यात एसीच्या गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका, पंधरा-वीस मिनिटं थैलीतच राहू द्या.

हापशी: गावातली सगळ्यात चांगली जागा

मला कोणी विचारलं की उन्हाळ्यात विदर्भातल्या एका गावात फक्त एक तास आहे, कुठं बसू, तर मी हापशीजवळ बस म्हणेन. तलावाआधी, देवळाआधी, हापशी.

हापशीच्या ओट्याखाली सांडलेल्या पाण्याचं एक डबकं असतं, ताटाएवढं नाहीतर परातीएवढं. मे महिन्यात आसपासचे नाले आटलेले असतात, तेव्हा त्या परातीभर पाण्यावर अख्खं गाव येतं. मी साधारण दहा-बारा फुटांवर, कडुनिंबाच्या पारावर, सूर्य पाठीशी घेऊन बसते. बाया पाणी भरून जाईपर्यंत काहीच होत नाही. पाण्याची शेवटची गुंड डोक्यावर चढली, बांगड्यांचा आवाज वळणावर गेला, की आधी चिमण्या उतरतात. मग दोन होले, मान पुढं करत, पाण्यात चोच बुडवून न उचलता पीत राहतात. कबुतराच्या जातीचे पक्षी असंच ओढून पितात, बाकीच्यांना घोट घेऊन मान वर करावी लागते. हा फरक फोटोत किती सुंदर दिसतो. भांगपाडी मैना आली की ती सगळ्यांना बाजूला सारून आंघोळ सुरू करते, आणि तिच्या डोक्यावरचा काळा तुरा ओला होऊन शेंडीसारखा चिकटतो. मुनिया येतात त्या घोळक्याने, आणि एक उडाली की सगळ्या उडतात. वेडा राघू पाण्यासाठी येत नाही, डबक्यावर आलेल्या गांधीलमाश्यांसाठी येतो. एक धरतो, तारेवर नेतो, आणि तिचं डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तारेवर आपटतो. मग मागची बाजू तारेवर घासतो, नांगी निकामी होईपर्यंत. कानाला ती टकटक ऐकू येते. मगच गिळतो.

वेडा राघू, कोतवाल, नीलपंख हे तिघंही एक फेरी मारून बहुधा त्याच जागी परततात. म्हणून उडालेल्या राघूच्या मागं कॅमेरा फिरवू नका. त्याच्या रिकाम्या जागेवर फोकस लावून थांबा. दोन-तीन फेऱ्यांत पंख पसरून उतरताना तो सापडतो.

दोन गोष्टी पाळा. बाया पाणी भरत असताना कॅमेरा मांडीवर उलटा ठेवा, कोणाकडेही रोखू नका. आणि डबकं आटत आलं असेल तर फोटोसाठी म्हणून नव्हे, असंच चार हिसके मारून पाणी सांडा.

फोटोत हापशी येऊ द्या. नवखे लोक दांडा, तार, पाईप टाळायला धडपडतात, आणि मग पक्षी कुठलाही, कुठलाच वाटतो. गंजलेल्या दांड्यावर बसलेला दयाळ, बाजार समितीतल्या तुरीच्या ढिगावरची चिमणी, लाल एसटीच्या टपावरची साळुंकी. हा त्यांचा खरा पत्ता आहे. तो चित्रात राहिला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

चालत्या गाडीतून

बसायची बाजू आधी ठरवा. सकाळी गाडी दक्षिणेला जात असेल तर उजवीकडे बसा, उत्तरेला जात असेल तर डावीकडे, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीमागे राहतो. नागपूरहून अमरावतीकडे, पश्चिमेला, निघालात तर हिवाळ्यात उजवी, उत्तरेची बाजू बरी.

चालत्या एसटीतून फोटो येत नाहीत हे मान्य करून टाका. फोटो थांब्यावर येतात. गाडी थांबली की काच सरकवा, पण इंजिन चालू असेल तर लेन्स खिडकीच्या पट्टीवर टेकवू नका. मी पहिल्या वर्षी एका नीलपंखाचे चाळीस फोटो असे टेकवून काढले आणि चाळीसही हलले. मध्ये स्वतःचा तळहात ठेवा, तो थरथर गिळतो. कंडक्टरने दोनदा घंटी मारली की लेन्स आत. गाडी चालू असताना हात किंवा लेन्स बाहेर काढायची नाही, बाभळीच्या फांद्या खिडकीला घासत जातात.

रेल्वेत पॅसेंजर बरी. गोंदिया-बल्लारशा मार्गावर सौंदड, वडसा, नागभीड, मूल अशी स्टेशनं लागतात, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मध्ये जंगल. क्रॉसिंगसाठी गाडी थांबली की खिडकीतूनच काम करा. रुळावर उतरू नका, दारात लटकू नका, आणि फलाटावर बराच वेळ कॅमेरा घेऊन थांबायचं असेल तर आधी स्टेशन मास्तरांना भेटून सांगा. पुलगावचं दारूगोळा भांडार, भंडारा आणि भद्रावतीच्या आयुध निर्माणी यांच्या आसपास कॅमेरा काढूच नका, पक्षी कितीही जवळ असला तरी.

पेट्रोल पंपाबद्दल एक युक्ती. रात्रभर दिव्यांवर जमलेले पतंग पहाटे भिंतीवर बसलेले असतात, आणि उजाडताना कोतवाल, दयाळ, साळुंक्या ते वेचायला येतात. पहाटेच्या गाडीने निघाला असाल तर हे बघायला मिळतं. फोटो पंपाच्या आवाराबाहेर, रस्त्याच्या कडेला उभं राहून काढा.

वावर, बांधी आणि तलाव

नांगरणी किंवा वखरणी चालू असलेलं वावर दिसलं की थांबा. ट्रॅक्टरच्या मागं गायबगळे, मैना, कोतवाल उलटलेल्या मातीतले किडे वेचत चालतात. ट्रॅक्टरला ते मुळीच भीत नाहीत. तुम्ही धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एका जागी बसा, ट्रॅक्टर प्रत्येक फेरीला पक्षी तुमच्याजवळ आणून सोडतो. धानाच्या पट्ट्यात चिखलणी आणि रोवणीच्या दिवसांत हेच बांध्यांमध्ये दिसतं, तिथं उघड्या चोचीचे करकोचेही येतात. त्यांची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. गोगलगायी धरायला ती कामाची आहे. फोटो बाजूने काढा म्हणजे ती फट दिसेल.

पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे तर आपलं भाग्य आहे. कोहळी लोकांनी शेतीसाठी बांधलेले, १९५० च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हा सरकारकडे आलेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ते गावोगाव आहेत. सकाळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सूर्य पाठीशी घेऊन चाला. शिंगाड्याच्या वेलांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत असतो. त्याची अंडी नर उबवतो. ढीवर बांधव डोंग्यातून शिंगाडे काढत असतील तर त्यांना हाक मारून बोला. कोणता पक्षी कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. घाटावर बाया धुणं धुवत असतील तर तो कोपरा सोडून पुढं जा. हिवाळ्यात मोठ्या तलावांवर चक्रवाक बदकं आणि पट्टकादंब हंस उतरतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो.

गोंदिया-भंडाऱ्याकडे बांधीत सारसाची जोडी दिसली तर गाडीतून उतरू नका. गाड्या ते रोज बघतात, बांधीत उतरलेला माणूस त्यांना नवीन असतो. खिडकीतूनच दोन-चार फोटो घ्या आणि निघा. महाराष्ट्रात हा पक्षी आता मोजकाच उरला आहे. घरटं दिसलं तर त्याची जागा कोणाला सांगू नका, कुठं टाकूही नका.

आता धोक्याचं. हे वाचून सोडून देऊ नका.

विदर्भातल्या वावरातल्या कित्येक विहिरींना कठडा नसतो. सुगरणीचे खोपे नेमके अशाच विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकतात, आणि कॅमेऱ्यात डोळा घालून माणूस एक पाऊल मागं किंवा पुढं सरकतो. आधी जागा बघा, पाय रोवा, मग डोळा लावा. सरकायचं असेल तर कॅमेरा खाली घ्या. दुसरं, रानडुकरांसाठी काही ठिकाणी धुऱ्याच्या तारेत करंट सोडलेला असतो. वावराच्या कडेची कोणतीही तार ओलांडू नका, हात लावू नका, शेतकऱ्याला विचारून त्याच्याच वाटेने आत जा. तिसरं, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत वाघ गावाशेजारून फिरतो. भल्या पहाटे किंवा सांजेला एकट्याने झुडपाजवळ वाकून, बसून फोटो काढायचे नाहीत. मी वर बसून काढा म्हटलं ते पारावर, ओट्यावर, उघड्या रस्त्यालगत, उजाडल्यावर.

लोक विचारतात, तेव्हा

विचारतातच. "काय करून राहिल्या ताई?" याचं उत्तर तयार ठेवा. कॅमेरा घेतलेला अनोळखी माणूस वावराजवळ दिसला की शेतकऱ्याच्या मनात पहिलं येतं ते रस्त्याची मोजणी, नाहीतर पीकविम्याचा सर्व्हे. सिंदेवाहीकडे एका काकांनी मला पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, अख्खं नुकसान दाखवायला नेलं होतं. मी विम्याची नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी समोरच्याने विचारायच्या आधीच सांगते, "काका, पाखराचे फोटो काढून राहिली, सरकारी काई नाई." आणि लगेच कॅमेऱ्यातला एक फोटो दाखवते. नव्वद टक्के काम तिथंच होतं. मग तेच सांगतात, "त्या आंब्यावर घुबड बसते जी, चला."

माझी टिटवी

हे मला सांगायलाच हवं. एका एप्रिलमध्ये रेल्वे फाटकाजवळच्या गिट्टीत मला टिटवीची चार अंडी दिसली, खड्यांच्याच रंगाची. सकाळचे अकरा वाजले होते. टिटवी ओरडत माझ्याभोवती घिरट्या घालत होती आणि मला वाटलं, किती छान उडते फोटोत. मी वीस मिनिटं तिथं होते. गाडी आली म्हणून निघाले आणि खिडकीतून मागं बघितलं. टिटवी नाल्यातल्या पाण्याकडे पळत गेली, पोट भिजवलं, आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसली.

विदर्भाच्या उन्हात ती अंडी उबवत नसते, थंड ठेवत असते. वीस मिनिटं ती अंडी उघडी पडली होती, माझ्यामुळं. पुढं त्यांचं काय झालं ते बघायला मी गेले नाही, कारण पुन्हा जाणं म्हणजे पुन्हा तेच.

म्हणून जमिनीवरच्या घरट्यापाशी थांबू नका. पक्षी ओरडत डोक्यावरून फिरत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. आल्या वाटेने, पायाखाली बघत, मागं या. कोणत्याही घरट्याला, अंड्याला हात लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पिंगळ्यावर रात्री फ्लॅश मारू नका. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, तो शत्रू समजून आपलं खाणंपिणं सोडून येतो.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो बघा. शंभरातले पाच ठेवा. बाकीचे पुसण्याआधी का फसले ते एका ओळीत लिहा: हलला, उजेड मागून होता, मी उभी होते. ही वही महिन्याभरात कोणत्याही शिकवणीपेक्षा जास्त शिकवते. नाव कळत नसेल तर मर्लिन ॲप फोटोवरून बऱ्यापैकी ओळखतं, पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको, पुस्तकातल्या चित्राशी ताडून घ्या. नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. आपल्याकडे जंगलांच्या याद्या भरपूर होतात, फाट्यांच्या आणि बाजारांच्या होत नाहीत. सुरुवातीला मुहूर्त हवा असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. १२ तारीख पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांचा जन्मदिवस. पाऊस सरलेला असतो, पाहुणे पक्षी येऊ लागलेले असतात, हवाही स्वच्छ असते.

आणि ज्यांच्या दारात फोटो काढला त्यांना तो द्या. व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल, पण मी चार बाय सहाची प्रिंट काढून पुढच्या फेरीला नेते. एका स्टँडसमोरच्या पानठेलेवाल्या भाऊंनी पिंगळ्याचा फोटो काचेच्या बरण्यांमागं लावला आहे. पूर्वी त्या झाडाच्या ढोलीत पोरं दगड मारायची. आता भाऊ ठेल्यावरूनच ओरडतात. एप्रिल लागला की त्यांचा फोन येतो, "पिल्लं ढोलीबाहेर निघाले ताई, तीन आहेत. सकाळच्या गाडीनं या."